अण्णांच्या छातीत पाणी आहे: आधी सोनोग्राफी की सिटी स्कॅन?

प्रश्न

गंगाखेड तालुक्यातून एका ताईंचं सविस्तर पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून गोषवारा देते.

ताईंच्या वडिलांना घरात अण्णा म्हणतात. वय 63, शेती, बिडीची जुनी सवय. दोन महिन्यांपासून दिवस मावळला की कणकण येते, कोरडा खोकला आहे, अंगावरचे कपडे ढिले झालेत. आता शेतातल्या आखाड्यापर्यंत चाललं तरी दम लागतो. गावात इंजेक्शनं, गोळ्या, सलाईन सगळं झालं. फोटो काढला तर उजव्या बाजूला पाणी निघालं. ताईंचं सासर जवळ असल्याने धावपळ त्यांच्याच वाट्याला आली. त्या अण्णांना परभणीला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी अण्णांना स्टुलावर उलटं बसवलं, पाठीवर टिचक्या मारल्या आणि तिथंच स्वतः पाठीवरून सोनोग्राफी केली. म्हणाले, "उजवीकडे बरंच पाणी आहे, आत जाळ्या धरायला लागल्यात. आजच थोडं पाणी काढून तपासायला पाठवू."

ताईंनी पुण्याच्या भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "सोनोग्राफी पोटाची असते, फुप्फुसाची नसते. कुणालाही सुई टोचू देऊ नका. आधी सिटी स्कॅन करा, नाहीतर पुण्याला आणा." आईचं म्हणणं, एकदा पाणी काढलं की शरीराला सवय लागते आणि ते परत परत भरतं. वहिनीला काळजी की टीबी निघाला तर सरकारी वहीत नाव लागेल आणि पुतणीची सोयरीक अडेल. चुलते म्हणतात, डॉक्टरांनाच मशीन घेऊन घरी बोलवा. शेवटी पाणी न काढताच अण्णांना घरी आणलं. त्याला आठ दिवस झाले. ताई विचारतात, "पाच मिनिटांच्या सोनोग्राफीवर विश्वास ठेवू का? पुण्याला नेऊ का? काही कमी-जास्त झालं तर सगळे मलाच बोलतील."

उत्तर

ताई, बाकीचं वाचण्याआधी अण्णांकडे एकदा नीट बघा. बसल्या जागी धाप लागते का? एका दमात वाक्य पुरं होत नाही का? आडवं झालं की गुदमरतात का? थंडी वाजून मोठा ताप येतो का, ओठ काळे-निळे दिसतात का? बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन 94 च्या खाली सरकतोय का? यातलं एक जरी असेल तर हे सदर मिटवा, 108 ला फोन लावा आणि आजच दवाखाना गाठा. तसं काही नसेल तर पुढचं वाचा. पण तरीही हे काम पुढच्या एक-दोन दिवसांत उरकायचं आहे, पुढच्या अमावास्येवर ढकलायचं नाही.

आता तुमच्या भावाच्या शंकेबद्दल. त्याचं म्हणणं हवेतलं नाही. फुप्फुसाची सोनोग्राफी होत नाही, असंच वैद्यकीय विद्यार्थ्यांना कितीतरी वर्षं शिकवलं जायचं आणि त्यामागे कारण होतं. सोनोग्राफी चालते आवाजाच्या लहरींवर. या लहरी पाण्यातून आणि मांसातून छान आत जातात, पण हवा लागली की तिथूनच मागे फिरतात. निरोगी फुप्फुस हवेने भरलेलं असतं, त्यामुळे त्याच्या आतलं काही दिसत नाही. अण्णांच्या छातीत मात्र फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये पाणी साठलं आहे. म्हणजे जिथून लहरी मागे फिरल्या असत्या, तिथंच त्यांना आत जायला वाट मिळाली. एरवी जे तपासायला अवघड, ते या आजारात सोपं होतं. पुढे फ्रान्समधले डॉ. डॅनियल लिश्टेनश्टाइन यांनी अतिदक्षता विभागात याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि अचानक दम लागलेल्या रुग्णाची फुप्फुसं सोनोग्राफीने कशी तपासायची, याची पद्धत 2008 साली प्रसिद्ध केली. आज छातीत पाणी असलेल्या रुग्णाला सोनोग्राफीशिवाय सुई लावू नये, असं जाणकार सांगतात. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत ते आग्रहाने लिहिलं आहे.

तुमच्या डॉक्टरांनी आधी पाठीवर टिचक्या मारल्या, तेही जुनं आणि खरं शास्त्र. भरलेल्या आणि रिकाम्या रांजणाचा आवाज वेगळा येतो, तसा पाणी असलेल्या बाजूचा आवाज दबका येतो. ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरांनी ही पद्धत 1761 मध्ये लिहून ठेवली. टिचकीने अंदाज आला, सोनोग्राफीने तो डोळ्यांनी बघता आला.

त्या पाच मिनिटांत डॉक्टरांना काय दिसलं असेल ते सांगते, कारण तुमच्या सगळ्या घराचा घोळ तिथं आहे. दोन बरगड्यांच्या फटीत थंडगार जेल लावून प्रोब टेकवला की मशीनच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या काळ्या सावल्या पडतात आणि मधल्या जागेतून आत बघता येतं. उजव्या बाजूला खाली करड्या रंगाचं यकृत दिसतं. त्याच्या वर एक पांढरी, चकचकीत कमान असते. तो छाती आणि पोटाच्या मधला पडदा, श्वासाबरोबर वर-खाली सरकतो. निरोगी माणसात प्रत्येक श्वासाला हवेने भरलेलं फुप्फुस खाली येतं आणि यकृताला झाकून टाकतं. पाणी असेल तर तसं होत नाही. कमानीच्या वर काळाभोर भाग दिसतो आणि त्या काळ्या पाण्यात दबून लहान झालेला फुप्फुसाचा तुकडा श्वासाबरोबर हलताना दिसतो. पाणी निव्वळ काळं आहे, की त्यात बारीक कण फिरतायत, की पांढरे धागे आडवे-तिडवे गेलेत, हेही कळतं. पाण्याची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजता येते. पडदा हलतोय की लुळा पडलाय, फुप्फुसावरचं आवरण जाड झालंय का, त्यावर गाठी आहेत का, तेही बघतात.

फोटोत यातलं किती कळतं? उभं राहून काढलेल्या साध्या फोटोत पाणी नक्की दिसायला साधारण 200 मिली तरी साठावं लागतं. सोनोग्राफीत त्याच्या किती तरी कमी, 20 ते 50 मिलीसुद्धा सापडतं. शिवाय फोटोतला पांढरेपणा फसवा असतो. खाली पांढरं दिसलं तर ते पाणी असेल, न्यूमोनियाने घट्ट झालेलं फुप्फुस असेल, मिटलेलं फुप्फुस असेल किंवा नुसतं आवरण जाड झालं असेल. पाणी समजून सुई घातली आणि तिथं पाणीच नव्हतं, असे प्रसंग सोनोग्राफी नसताना घडायचे.

ताई, मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट खटकली. घरात सगळे मोठी तपासणी कोणती यावर भांडतायत. कोणती तपासणी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते, हे कुणीच विचारलेलं दिसत नाही. डॉक्टरांपुढे त्या दिवशी तीन प्रश्न होते: हे पाणीच आहे का, ते कसं आहे, आणि सुई कुठून घातली तर फुप्फुसाला, यकृताला धक्का लागणार नाही. या तिन्ही प्रश्नांना सोनोग्राफी पुरते. जाळ्यांच्या बाबतीत तर ती सिटीपेक्षा सरस आहे. पाण्यातले बारीक धागे सिटीत बऱ्याचदा दिसत नाहीत, सोनोग्राफीत स्पष्ट दिसतात. भावाला हे जरूर सांगा, कारण स्वस्तातली तपासणी कमी प्रतीचीच असणार, असं आपण सगळेच धरून चालतो.

या जाळ्यांवर थोडं थांबते. पाण्यात प्रथिनं जास्त असली की त्यात चिकट धागे तयार होतात. दिवस जातात तसे ते वाढतात आणि पाण्याचे कप्पे पडतात. मग एका कप्प्यात सुई घातली तरी बाकीचं पाणी येत नाही, नळी टाकली तर ती तुंबते आणि आवरण जाड होऊन फुप्फुसाला आवळून धरतं. जाळ्या दिसल्या म्हणजे लगेच नळीच, असंही नाही. टीबीच्या पाण्यात जाळ्या बऱ्याचदा दिसतात आणि बऱ्याच रुग्णांना औषधांनी उतार पडतो. पण तेच पाणी न्यूमोनियाचं असेल आणि पू व्हायला लागला असेल, तर नळी टाकून काढावंच लागतं, कधी ऑपरेशनपर्यंत जातं. यातलं कोणतं, ते पाणी तपासल्याशिवाय कळणार नाही. म्हणून ते आठ दिवस मला सलतायत.

आणि सोनोग्राफीची मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाल. ती आजाराचं नाव सांगत नाही. पडद्यावर बघून कुणी "टीबीच आहे" किंवा "कॅन्सर नाही" असं ठामपणे सांगू लागला, तर दोन्ही ऐकू नका. फुप्फुसाच्या खोल आतली, चारी बाजूंनी हवेने वेढलेली गाठ तिला दिसत नाही. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतल्या गाठी नीट दिसत नाहीत. आणि ती करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असते, म्हणून रोज छातीचेच रुग्ण बघणाऱ्याने केलेली बरी.

नाव सांगणार ते पाणी. नमुन्याला साधारण 50 मिली पुरतं. त्यात प्रथिनं, एलडीएच आणि एडीए ही दोन एन्झाइमं, साखर, पेशींची मोजणी, कॅन्सरच्या पेशींची तपासणी, जंतू वाढवून बघायचं कल्चर आणि टीबीच्या जंतूंचा अंश शोधणारी सीबीनॅट अशा तपासण्या होतात. त्याच दिवशी रक्तातली प्रथिनं आणि एलडीएचही करून घ्या, कारण पाण्याची रक्ताशी तुलना करूनच ते हृदय-यकृत-किडनीच्या दुखण्याचं आहे की आवरणालाच सूज आल्याचं, ते ठरतं. एडीए 40 च्या वर असेल तर आपल्याकडे टीबीचा संशय बळावतो, पण पू झाला तरी तो वाढतो. सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही, असं होत नाही. छातीच्या पाण्यात टीबीचे जंतू मुळातच थोडे असतात. कॅन्सरच्या पेशी पहिल्या नमुन्यात सापडल्या नाहीत, तरी संशय असेल तर दुसरा नमुना द्यावा लागतो. अण्णांचं वय, बिडी आणि उतरलेलं वजन बघता कोणतेही डॉक्टर दोन्ही शक्यता मनात धरणारच. ते शब्द ऐकून हबकू नका.

भावाच्या सिटीला जागा इथं आहे. नमुन्यावरून कारण कळलं नाही, कॅन्सरचा संशय राहिला किंवा कप्पे गुंतागुंतीचे निघाले तर सिटी करायचीच. ती शिरेतून औषध देऊन करतात, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम, बघतात. सगळं पाणी उपसून काढण्याआधी केली तर आवरण जास्त चांगलं दिसतं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "नमुना आज घेऊ, पण सिटी लागणार असेल तर ती सगळं पाणी काढायच्या आधी करायची का?" नमुन्यापुरतं पाणी काढल्याने सिटीचं काही बिघडत नाही. भाऊ आणि डॉक्टर एकमेकांच्या विरोधात नाहीत, फक्त क्रम ठरवायचाय.

आईला म्हणावं, तुमची भीती मी पुष्कळ घरांत ऐकते आणि ती कशावरून येते तेही समजतं. शेजारच्या कुणाचं पाणी काढलं, महिन्यात परत भरलं, हे त्यांनी बघितलेलं असतं. पण पाणी परत भरतं ते आजार आत तसाच असतो म्हणून. सुईमुळे नवं पाणी तयार होत नाही. काढलं नसतं तरी ते वाढतच गेलं असतं, फक्त कुणाला मोजता आलं नसतं.

काढताना काय होतं तेही आईला सांगून ठेवा, म्हणजे धास्ती कमी होईल. अण्णांना बसवून पुढे टेबलावर उशी देतात, हात त्यावर ठेवायला सांगतात. जागा बधिर करतात. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला धरून घालतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाने रक्तवाहिनी जाते. दम कमी करण्यासाठी जास्त पाणी काढायचं असलं तरी एका वेळी साधारण एक ते दीड लिटरच्या वर जात नाहीत. दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यालाच सूज येऊ शकते. शेवटी खोकला येतो, तो फुप्फुस उघडत असल्याचा. छातीत कळ आली, चक्कर आली, दम वाढला तर अण्णांनी तिथल्या तिथं सांगायचं, संकोच करायचा नाही. काढून झाल्यावर परत प्रोब लावून किंवा फोटो काढून छातीत हवा शिरली नाही ना ते बघतात. अण्णा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, अगदी हृदयासाठीची छोटी अ‍ॅस्पिरिनसुद्धा, तर ती आधी दाखवा. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फार कुणी लक्ष देत नाही. काही ठिकाणी सोनोग्राफी एका सेंटरवर होते, तिथं पाठीवर पेनाने फुली मारतात आणि रुग्णाला पाणी काढायला दुसरीकडे पाठवतात. मधल्या वेळात माणूस रिक्षात वाकतो, खाटेवर आडवा होतो, हात वर-खाली करतो. कातडी सरकते, पाणी हलतं आणि फुली जिथं होती तिथं आत दुसरंच काही आलेलं असतं. पाणी थोडं असेल किंवा कप्पे असतील तर हे धोक्याचं. तुमचे डॉक्टर बसल्या बैठकीत बघून तिथंच काढणार होते, ही पद्धत चांगली होती. दुसरीकडे कुठे गेलात तर एवढंच विचारा: "ज्या बैठकीत बघितलं त्याच बैठकीत, लगेच काढणार ना?"

चुलत्यांची सूचना प्रेमापोटी आहे, पण ती जमणार नाही. सोनोग्राफीचं मशीन नोंदणी केलेल्या जागेशी बांधलेलं असतं. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याखाली प्रत्येक मशीनची नोंद लागते आणि सहज उचलून नेता येणारं छोटं मशीनही डॉक्टरांना घरोघर फिरवता येत नाही. त्याचं कारण आपल्याच भागाने दिलेलं आहे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे मुली फक्त 807 होत्या. ज्या मशीनने अण्णांचा जीव वाचू शकतो, त्याच मशीनने आपण लेकी मारल्या. म्हणून हा निर्बंध मला जाचक वाटत नाही. गैरसोय होते, ती सोसावी. अण्णांनाच न्यायचं, गाडीत टेकून बसवून, उशी देऊन.

वहिनींच्या काळजीला मी हलकं मानत नाही. सोयरिकी मोडतात हे आपण बघतो. पण निदान टाळल्याने आजार टळत नाही, आणि तपासणी न करता चोरून टीबीच्या गोळ्या चालू करणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग. कॅन्सर किंवा पू असेल तर त्या गोळ्यांखाली तो महिनोन्‌महिने लपून राहील. तसंच लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या अंदाजाने खाल्ल्या की टीबीही अर्धवट दबतो, ताप उतरल्यासारखा वाटतो आणि निदान लांबतं. गावात कोणकोणत्या गोळ्या झाल्या त्यांची पाकिटं जपून न्या. टीबी निघालाच तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये खात्यावर जमा होतात. नोंद खाजगी डॉक्टरांनाही करावीच लागते, पण ती यादी पारावर वाचून दाखवायला नसते. आणि टीबी नुसता आवरणाचा असेल, फुप्फुसात जखम नसेल, थुंकीत जंतू नसतील, तर तो घरातल्यांना लागण्याचा धोका फार थोडा. थुंकी तपासून खात्री करून घ्या. अण्णांचं ताट-तांब्या वेगळं करायची गरज नाही, आईला हे आवर्जून सांगा.

पुण्याचं म्हणाल तर, नमुना घेण्यासाठी दम लागणाऱ्या माणसाला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसवून नेण्याचं मला काही कारण दिसत नाही. परभणीत झालं नाही तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेड, लातूर आहे, संभाजीनगरला घाटी आहे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. नमुन्यावरून निदान झालं नाही आणि दुर्बिणीने आवरणाचा तुकडा घ्यायची वेळ आली, तर मोठ्या शहरात जायचा विचार जरूर करा. तेव्हा पुण्यातला भाऊ हाताशी असणं मोठं बळ असेल.

भावावर रागावू नका. लांब असलेल्या लेकराला करता काही येत नाही, म्हणून तो फोनवरून हुकूम सोडतो. त्याला काम द्या. डॉक्टरांची परवानगी घेऊन तपासणीच्या वेळी त्याला फोनवर घ्या, त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. सोनोग्राफी चालू असताना पडद्यावर काय दिसतंय ते डॉक्टरांना दाखवायला सांगा, चित्रं साठवून ठेवत असतील तर एखादं मागून घ्या. आणि फाइलीवर लिहून मागा: कोणती बाजू, पाणी किती सेंटिमीटर, स्वच्छ की कणांचं की जाळ्यांचं, फुप्फुस आणि पडद्याची स्थिती, तारीख. पाकिटातला छापील रिपोर्ट नाही म्हणून तपासणी कच्ची वाटते, तो प्रश्न सुटेल आणि पुढच्या वेळी तुलना करायला आधार राहील. "मलाच बोलतील" ही भीतीही त्याने कमी होईल, कारण निर्णय सगळ्यांनी मिळून, लिहिलेलं वाचून घेतलेला असेल.

उपचार सुरू झाल्यावर पाणी लगेच आटलं नाही तर डॉक्टर बदलू नका. टीबीत पहिल्या काही आठवड्यांत ते थोडं वाढल्यासारखंही वाटतं, आणि आवरणाची थोडी जाडी नंतर राहू शकते. या काळात वारंवार फोटो काढण्यापेक्षा सोनोग्राफीने लक्ष ठेवता येतं, तिच्यात क्ष-किरण नसतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. पाय सुजलेत, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं आहे आणि पाणी दोन्ही बाजूंना आहे, अशा रुग्णाला दर वेळी सुई लागत नाही. मूळ दुखण्याच्या औषधांनी ते उतरतं. तिथं डॉक्टर थांबू म्हणाले तर थांबा. लहान मुलाचं मात्र उलट. न्यूमोनियावर औषध चालू असून ताप उतरत नसेल, लेकरू एका कुशीवर आखडून झोपत असेल, तर त्याच्या छातीची सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्या. मुलांच्या छातीत पू फार वेगाने घट्ट होतो.

ताई, सकाळी निघताना अण्णांना थोडं खाऊ घाला. नुसतं पाणी काढायचं असेल तर सहसा उपाशी राहावं लागत नाही, आणि रिकाम्या पोटी सुई बघून घेरी येणारे मी पुष्कळ पाहिलेत. सिटी त्याच दिवशी व्हायची शक्यता असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. जुने फोटो, गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड, रेशन कार्ड एका पिशवीत घ्या. आणि अण्णांच्या अंगात पुढून उघडणारा सदरा घाला, पाठ उघडी करायला सोपं जातं.